कोंडातली आठवी सकाळ

दत्ताराम पाष्टे पाण्याला भ्यायचा. दिवाळीपासून शिमग्यापर्यंत रोज सकाळी जो माणूस नदीच्या कोंडात उतरतो, तो पाण्याला भितो असं कुणी सांगितलं असतं तर आंबेखोलातली माणसं हसली असती. पण त्याची बायको येसूबाई हे जाणून होती. तीस वर्षं त्या पाण्यात उतरूनही तो कधी पटकन उतरला नाही. दर वेळी काठावर थोडा थांबायचा, पाण्याकडे बघायचा, जसा एखादा परक्याच्या घरात शिरण्याआधी उंबऱ्यापाशी थांबतो.

आंबेखोल हे लांज्याच्या पूर्वेला, सह्याद्रीच्या पायथ्याकडचं गाव. एस.टी. वरच्या सड्यावर, उघड्या कातळमाळावर थांबते आणि तिथूनच मागे वळते; गावात पायवाटेनं उतरावं लागतं. गावाच्या कडेनं नदी, नदीवर लाकडी साकव आणि साकवाखाली हा कोंड. नदीतला खोल डोह, भर उन्हाळ्यातसुद्धा आटत नाही. दोन्ही अंगांना उंच दरड, त्यामुळे पौषात नऊ वाजेपर्यंत तिथं ऊन पोचत नाही. रत्नागिरीत मिरकरवाड्याच्या बंदरावर माणसं उघड्या अंगानं मासळी उतरवत असतात, त्याच वेळी आंबेखोलातली म्हातारी माणसं घोंगडी पांघरून शेकोटीपाशी बसलेली असतात. त्या दिवसांत कोंडाचं पाणी हाडापर्यंत जातं.

दत्ताराम दहा वर्षांचा असताना एका थंडीत त्यानं साकवावरून उडी मारली होती. पाण्यात पडल्याबरोबर तोंड आपोआप उघडलं, पाणी आत गेलं, हातपाय हलेनात. गावोगाव विहिरी उपसायला जाणारा केरूमामा तेव्हा काठावर बिडी ओढत बसला होता. त्यानं केसाला धरून बाहेर काढलं, पालथं घातलं आणि पोर रडायला लागल्यावर एक सणसणीत कानाखाली दिली. मग जवळ बसवून सांगितलं, "थंडीचा दनका बसला की मानसाचं तोंड उघडतंच. राजाचं पन उघडतं. त्या टायमाला तोंड पान्याच्या भाईर पायजे. येवढंच लक्षात ठेव."

केरूमामाकडून दत्ताराम पुढं सगळं शिकला. उडी मारायची नाही. आधी पाय भिजवायचे, मग मनगटं, मग मानेवर आणि छातीवर ओंजळ मारायची. मग एकेक पाऊल पुढं. कमरेपर्यंत आलं की थांबायचं आणि श्वास सोडायचा, सावकाश, तापल्या चहावर फुंकर घालावी तसा. श्वास हाती आल्याशिवाय खांदे बुडवायचे नाहीत. थोडकाच वेळ राहायचं. हाताचा अंगठा करंगळीला टेकेनासा झाला तर तेव्हाच्या तेव्हा बाहेर. बाहेर आलं की अंग पुसून आधी कोरडे कपडे, मग गूळ घातलेला चहा. लगेच शेकोटीला चिकटायचं नाही आणि चढ चढायला घ्यायचा नाही, कारण काठावर आल्यावरही माणूस घटकाभर आतून गार होत जातो. छातीचं दुखणं असलेल्यानं तर पाण्याच्या वाटेलाच जायचं नाही. आणि काठावर दुसरं माणूस असल्याशिवाय पाण्यात पाय घालायचा नाही.

हे दुसरं माणूस म्हणजे येसूबाई. ती पंचा आणि घोंगडी मांडीवर घेऊन कातळावर बसायची. तीस वर्षांत ती स्वतः एकदाही उतरली नव्हती.

दत्तारामाला मूलबाळ नव्हतं, पण धाकटा भाऊ होता, हरिश्चंद्र. आईबाप एकाच वर्षी गेले तेव्हा हरी पाच वर्षांचा आणि दत्ताराम एकोणीसचा. दत्तारामानं त्याला खांद्यावर बसवून शेतावर नेला, शाळेत घातला, सातवी झाल्यावर मुंबईला पाठवला. हरी भायखळ्याला एका छापखान्यात खिळे जुळवायच्या कामाला लागला, त्याचं चंपाशी लग्न झालं, ती एका शाळेत आया म्हणून काम करू लागली. त्यांनाही मूल नव्हतं. हरी सुरुवातीला दर गणपतीला यायचा. मग रजा मिळेनाशी झाली, आणि बघता बघता सहा वर्षं गेली.

त्याच्या पत्रांत हल्ली दम लागतो, झोप येत नाही, असं काहीबाही असायचं. दत्ताराम प्रत्येक उत्तरात तेच लिहायचा. इकडे ये. महिनाभर राहा. कोंडाचं पाणी अंगाला लागलं की मुंबईचं सगळं धुऊन निघेल.

हे वाक्य त्यानं किती वेळा लिहिलं होतं, ते पुढं त्याला आठवत बसायचं होतं.

१९८४ सालच्या डिसेंबरात हरी आला. रात्रीच्या गाडीनं निघून सकाळी लांज्याला उतरला, तिथून दुसऱ्या गाडीनं सड्यावर. दत्ताराम घ्यायला गेला होता. खाली उतरलेला माणूस त्याला क्षणभर ओळखू आला नाही. कानशिलं पांढरी झालेली, डोळ्यांखाली सूज. उतार उतरतानाही हरी दोनदा थांबला.

"काय रं, दमलास?"

"गाडीत झोप न्हाय लागली, दादा."

घरी पोचल्यावर दत्तारामानं त्याला समोर बसवून विचारलं. कोणालाही पाण्यात न्यायच्या आधी तो हे विचारायचाच. "छातीत दुखतं का? डॉक्टरनं काय सांगितलान? खरं बोल."

"न्हाय वो दादा. नुसता दम लागतो. मुंबईची हवा."

दत्तारामानं मान डोलावली. ज्याला बोट धरून चालायला शिकवलं तो आपल्याशी खोटं बोलेल हे त्याच्या मनात आलं नाही.

पहिल्या दिवशी त्यानं हरीला फक्त पाय बुडवून बसवलं. दुसऱ्या दिवशी गुडघ्यापर्यंत. हरी चिडला, "मी काय लहान पोर हाय?" तर दत्ताराम म्हणाला, "अंगाला वळख होऊ दे." तिसऱ्या दिवशी कमरेपर्यंत, तिथं उभं राहून श्वास सोडायचा. चौथ्या दिवशी तेच. पाचव्या दिवशी हरी मानेपर्यंत उतरला. आधी डोळे मोठे झाले, ओठ घट्ट मिटले, मग फुंकर घातल्यासारखा एक लांब श्वास बाहेर पडला आणि तो हसला. दत्ताराम त्याच्यासमोर पाण्यात उभा होता. "करंगळी," तो म्हणाला. हरीनं हात वर करून अंगठा करंगळीला लावून दाखवला. दोघं भाऊ पाण्यात उभे राहून एकमेकांना हात दाखवत हसत होते, आणि काठावर येसूबाई हसता हसता डोळे पुसत होती.

सहाव्या, सातव्या दिवशी हरी बदलला. जेवायला लागला. दुपारी काजूच्या झाडाखाली ढाराढूर झोपायला लागला. सातव्या दिवशी संध्याकाळी पडवीत बसल्यावर म्हणाला, "दादा, उद्या उडी मारतो. साकवावरून. लहानपनी मारायचो तशी."

दत्ताराम सुपारी कातरत होता. भाऊ इतका खुशीत होता की त्याच्यानं नाही म्हणवेना. "बघू उद्या," तो म्हणाला.

आठव्या दिवशी सकाळी गाय अडली. पहिलटकरीण होती, वासरू आडवं आलं होतं. दत्ताराम गोठ्यात गुडघ्यांवर बसलेला, हात कोपरापर्यंत माखलेले, येसूबाई गाईचं डोकं धरून बसलेली. इतक्यात दारात हरी आला. खांद्यावर पंचा.

"दादा, मी होतो फुडं."

दत्तारामाच्या बोटांना त्याच वेळी वासराचा पाय लागला होता. त्यानं मागं वळूनही बघितलं नाही.

"हो फुडं. आलोच."

वासरू सुटायला अर्धा तास गेला. पाडी होती. ती धडपडत उभी राहिली तसा येसूबाईनं गाईच्या कपाळावरून हात फिरवला, आणि दत्ताराम हात धुता धुता एकदम थांबला. "हरी न्हाय आला अजून?"

तो वाट सोडून भाताच्या खाचरांतून पळत गेला. साकवावर हरीचे कपडे होते. सदरा नीट घडी केलेला, त्यावर लेंगा, त्यावर घड्याळ. कोंडावर काहीच हलत नव्हतं.

दत्तारामानं त्या सकाळी काठावर थांबून पाण्याकडे बघितलं नाही. पाय भिजवले नाहीत, ओंजळ मारली नाही. सदऱ्यासकट त्यानं साकवावरून उडी टाकली. थंडीनं छाती आवळली तरी तोंड उघडलं नाही, ते का उघडलं नाही हे त्यालाही कधी कळलं नाही. दोन वेळा तो रिकाम्या हातांनी वर आला. तिसऱ्या वेळी दगडाच्या कपारीपाशी भावाचा दंड हाताला लागला. त्यानं त्याला वर आणला, कातळावर पालथा घातला, पाठ दाबली, तोंडात तोंड घालून फुंकलं. मग येसूबाई आली, वाडीतली माणसं आली, आणि शेजारच्या सदू रामाणेनं त्याला मागून मिठी मारून ओढेपर्यंत तो भावाची पाठ चोळत होता. "ऊब येतेय," तो सांगत होता, "हात लावून बघा, ऊब येतेय." ती त्याच्याच हातांची ऊब होती.

पोलीस पाटलांनी पंचनामा केला. डोलीत घालून सड्यापर्यंत आणि तिथून टेम्पोनं देह लांज्याला नेला. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की पोटात पाणी फारसं नाही. बुडण्याआधीच, पाण्यात पडल्या पडल्या, हृदय थांबलं असावं. सदूनं लांज्याहूनच चंपाला तार केली. ती रात्रीच्या गाडीत बसून दुसऱ्या दिवशी सकाळी आली, आणि तोवर देह परत आणून अंगणात ठेवला होता. ती रडली नाही. नवऱ्याच्या पायांपाशी बसली आणि त्याच्या पायाची बोटं एकेक करून पुसत राहिली.

दिवस झाले. तेराव्यानंतर पाहुणे पांगले तशी एका दुपारी चंपा पडवीत आली. मोठ्या दिरासमोर ती कधी उभी राहून बोलत नसे. डोक्यावरचा पदर सावरून दाराआड उभी राहायची आणि थोरल्या जावेमार्फत बोलायची. त्या दिवशी ती सरळ समोर येऊन बसली.

"दादा, त्ये गेले तवा तुमी काठावर व्हता का?"

गावात सगळे म्हणत होते की त्याचं भरलं होतं, कोण काय करणार. येसूबाईनं तर आधीच सांगून ठेवलं होतं, तिला गोठ्यातलं काही बोलू नका, उगाच जन्मभराचं होईल. दत्ताराम खाली मान घालून बसला.

"नव्हतो," तो म्हणाला. "मी गोठ्यात व्हतो. त्यो दारात आला, बोल्ला, मी होतो फुडं. मी बोल्लो, हो फुडं. असा बोल्लो मी, बाय. आदल्या दिवशी उडी मारतो बोल्ला, तर बघू बोल्लो. न्हाय असं बोल्लो न्हाय."

चंपानं कमरेला खोचलेली कागदाची पुडी काढून त्याच्यासमोर ठेवली. आत चपट्या पांढऱ्या गोळ्या होत्या.

"ह्या त्यांच्या पिशवीत गावल्या. छातीच्या हायत. तीन वर्षं झाली. जिभंखाली ठेवायच्या. त्यांनी तुमाला सांगितलं न्हाय?"

"न्हाय."

"दादाला कळलं तर त्यो झोपायचा न्हाय, असं बोल्ले मला. गावाला गेल्यावर सांगा त्येंना, येवढं वचन घेतलं व्हतं मी. पन पत्रात मी लिवू शकत व्हते. मला लिवता येतं. मी लिवलं न्हाय." तिचा आवाज पहिल्यांदाच फाटला. "त्ये रागावतील म्हनून लिवलं न्हाय, दादा."

दत्ताराम त्या गोळ्यांकडे बघत राहिला. एका चिठ्ठीचं अंतर होतं. तिच्याकडून एक ओळ, नाहीतर त्याच्याकडून एक शब्द. दोघांनाही एकमेकांना दोष देता आला असता, आणि दिला असता तर कदाचित दोघांचंही ओझं हलकं झालं असतं. पण तसं कुणीच केलं नाही. येसूबाई आतून आली आणि चंपाला जवळ घेऊन बसली, तेव्हा कुठं ती रडली.

ती मुंबईला परत गेली. दत्तारामानं कोंडाकडे जाणं सोडलं. पाडी मोठी देखणी निघाली होती, पण ती ढुशी द्यायला आली की तो उठून आत जायचा. येसूबाईनं शेवटी ती वरच्या वाडीतल्या सखूला देऊन टाकली.

पुढच्या पौषात वर्षश्राद्धाला चंपा पुन्हा आली. आल्या दिवशीच तिनं एक पोस्टकार्ड दाखवलं. हरीनं पाचव्या दिवशी लिहिलेलं. ते मुंबईला पोचलं तेव्हा ती इथं आंबेखोलात, त्याच्या दिवसांत बसलेली होती. परत गेल्यावर तिला ते दाराच्या फटीतून आत टाकलेलं मिळालं होतं. हरीचं अक्षर छापल्यासारखं असायचं. आज मानेपर्यंत उतरलो. दादा समोर उभा होता. इतकी वर्षं छातीवर दगड होता तो उतरल्यासारखं वाटलं. पुढल्या वर्षी तुला आणतो, तूही उतर, भिऊ नको, दादा असतो.

"मला त्या पान्यात उतरायचंय," चंपा म्हणाली.

"न्हाय."

"दादा, त्यांनी बोलावलंय मला."

"मी कुनालाबी न्हेनार न्हाय आता. तू मला मारून टाक, पन त्ये सांगू नको."

दुसऱ्या दिवशी सकाळी येसूबाईनं दोन लुगडी आणि घोंगडी काखेत घेतली आणि नवऱ्याला म्हणाली, "ती एकली जाईल. मी तिच्यासंगती उतरते. तुमी आलात तर बरं, न्हाय आलात तर आमी दोगी जातो."

पन्नाशीची येसूबाई, जिनं कधी घोट्यावर पाणी घेतलं नव्हतं, ती असं म्हणाली. दत्ताराम उठला.

वाटेत त्यानं चंपाला तीन वेळा विचारलं, छातीत दुखतं का, चक्कर येते का, काही लपवतेस का. तिन्ही वेळा ती नाही म्हणाली. तिसऱ्या वेळी त्यानं येसूबाईलाही विचारलं.

ओलेत्या भावजयीकडे मोठ्या दिरानं बघायचं नाही, म्हणून तो कातळावर पाण्याकडे पाठ करून बसला. नुसत्या आवाजावर दोघींना सांभाळायचं होतं. "पाय भिजवा," तो म्हणाला. "मनगटं. आता मानंवर. घाई नको. मी आकडे बोलतो, आकड्याआकड्याला ओ द्यायची. दोघींनी."

"एक."

"ओ." "ओ."

कमरेपर्यंत गेल्यावर येसूबाई किंचाळली आणि मग स्वतःच्याच किंचाळण्यावर थोडं हसली. "श्वास सोड," तो म्हणाला, "भाईर सोड, येसू." भावजयीदेखत त्यानं तिचं नाव घेतलं होतं, पण ते कुणाच्याच ध्यानात आलं नाही. त्यानं श्वास परत येईपर्यंत आकडे थांबवले, मग पुन्हा सुरू केले. पंधरा. सोळा.

"सतरा."

"ओ," येसूबाई म्हणाली. दुसरी ओ आली नाही.

दत्ताराम गर्रकन वळला. चंपा मानेपर्यंत पाण्यात उभी होती. येसूबाईनं तिचा दंड घट्ट धरला होता. डोळे उघडे, श्वास चालू, ओठ थरथरत होते आणि गालांवरून पाणी वाहत होतं. ती त्या कपारीकडे बघत होती. कपार कुठली हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

"बाय, भाईर ये," तो म्हणाला.

ती हलली नाही.

"चंपा, भाईर ये. लई झालं. पान्यात कोन न्हाय." त्याचा आवाज चिरकला. "मी बघून आलोय. तीन डाव बघून आलोय, बाय. तिथं कोन न्हाय."

तेव्हा ती वळली. येसूबाईनं तिला काठावर आणलं, झाडाआड नेऊन पुसलं, कोरडं नेसवलं, घोंगडीत गुंडाळलं. तिघं तिथंच बसून राहिली, कारण लगेच चढ चढायचा नव्हता. थर्मासमधला गूळचहा एकाच पेल्यात तिघांनी घेतला. चंपाचे दात वाजत होते. तिनं एकदाच विचारलं, "दादा, तुमी परत कवा उतरनार?"

"मी न्हाय उतरनार."

ती तिसऱ्या दिवशी गेली. पुढं तिची पत्रं यायची, पण आंबेखोलात ती पुन्हा आली नाही.

दत्ताराम खरंच कधी उतरला नाही. थंडीच्या दिवसांत कुणी विचारायला आलं की तो जायचा, काठावर बसायचा, सगळं समजावून सांगायचा आणि उडीची गोष्ट काढणाऱ्याला सरळ घरी पाठवायचा. स्वतः मात्र घरामागच्या न्हाणीत, चुलीवर तापवलेल्या पाण्यानं आंघोळ करायचा. ते पाणी कढत असलं तरी पहिला लोटा अंगावर पडला की त्याचा श्वास अडकायचा, मोठ्यानं, बाहेर ऐकू येईल इतका. येसूबाई तेव्हा हातातलं काम थांबवून उभी राहायची. दुसऱ्या लोट्याचा आवाज आला की मग ती पुन्हा भाकरी थापायला घ्यायची.